बुलेटचा ब्रीदर पाईप एअर फिल्टरमधून काढायचा आहे, न्यायचा कुठे?

मानेवाडा_३५०

नमस्कार मंडळी. बाबांची २००४ची बुलेट आता माझ्याकडे आहे. कास्ट आयर्न इंजिन, ३४६ सीसी, चार गियर, एमएच ३१ (नागपूर) पासिंग. इंजिन मस्त चालते, पण एअर फिल्टर सारखा तेलाने भिजून राहिला. नवीन टाकला तोही थोड्याच दिवसांत काळा. फिल्टरच्या डब्यात तळाशी तेल साचते, कार्बोरेटरच्या तोंडाला ओल दिसते आणि प्लगवर काजळी धरते.

क्रँककेसमधून (इंजिनाचा खालचा भाग, ज्यात क्रँक फिरतो) ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा-वाफ बाहेर सोडणारा पाईप निघतो, मधे एक छोटा डबा आहे, तिथून तो एअर फिल्टरमध्ये जातो. गॅरेजवाला म्हणतो, डबा काढून टाक, पाईप सरळ खाली सोड, फिल्टरचं भोक बुजव. दुसऱ्या एकाने सांगितलं की पाईपच्या टोकाला छोटा कोन फिल्टर बसव. वन-वे व्हॉल्व्ह टाका असंही लोक म्हणतात, पण कोणता आणि नेमका कुठे हे कोणीच नीट सांगत नाही. पाईप कोणता घ्यायचा तेही माहीत नाही. सध्या पारदर्शक प्लास्टिकचा आहे, तो इंजिनाजवळ पिवळा पडून चपटा झाला आहे.

गाडी रोज वापरत नाही. आठवड्यातून एखादवेळी काढतो, कधी वर्धा रोडने जामठ्यापर्यंत, कधी नुसती धंतोलीपर्यंत. ज्यांनी हे काम स्वतः केलं आहे त्यांनी सांगा न भाऊ.


सदर_क्लासिक

खाली सोडून द्या भाऊ. जुन्या बुलेट सगळ्या तशाच चालायच्या, चेनला फुकटात तेल मिळायचं. फिल्टर कोरडा राहील, टेन्शन नाही.


निवृत्त_डिझेल_फिटर

बेटा, पाईप खाली सोडू नको. बाकीचं सगळं नंतर, हे आधी.

जुन्या गाड्यांत ब्रीदरचं तोंड चेनकडे होतं हे सदरवाल्या भाऊंचं बरोबर आहे. पण तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि वेग काय होता! बुलेटची चेन डाव्या बाजूला, चेनला लागून मागचं टायर. इंजिन जास्त फेऱ्यांवर असतं तेव्हाच ब्रीदर जास्त तेल फेकतो, म्हणजे तू ओव्हरटेक करत असतोस किंवा उड्डाणपुलाच्या वळणावर गाडी झुकवलेली असते तेव्हा. टायरच्या कडेला तेव्हा तेलाचा हात फिरलेला असेल तर तुला सावरायला वेळ मिळणार नाही. आणि तू वाचलास तरी मागून स्कूटीवर पोराला शाळेत सोडायला निघालेली एखादी बाई त्याच तेलावरून जाणार आहे. जूनच्या पहिल्या पावसात नागपूरचे रस्ते कसे निसरडे होतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यात आपली भर कशाला?

आता ब्रीदर म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे कोणी काहीही सांगितलं तरी तुझं तुला ठरवता येईल. सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन खाली आला की त्याच्याखालची हवा दाबली जाते, वर गेला की ओढली जाते. सायकलीच्या पंपाचाच प्रकार. तुझ्या इंजिनात प्रत्येक वेळी ३४६ सीसी हवा हलते. ३००० आरपीएमला पिस्टन मिनिटात ३००० वेळा खाली येतो, म्हणजे दर मिनिटाला हजार लिटरच्या वर हवा ढकलली जाते आणि तितकीच परत ओढली जाते. पाईप दोन्ही बाजूंनी मोकळा असेल तर ही सगळी हवा त्या बोटभर नळीतून ये-जा करते आणि जाताना तेलाचे थेंब उचलून नेते.

वन-वे व्हॉल्व्ह असला की चित्र बदलतं. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत हवा बाहेर जाते, परत येऊ शकत नाही, आणि क्रँककेसमध्ये हलका व्हॅक्यूम तयार होतो. मग बाहेर जाते ती फक्त पिस्टनच्या रिंगांजवळून निसटलेली वाफ. तेल उडणं कमी होतं, टॅपेट कव्हर आणि जॉइंटमधून होणारी गळतीही कमी होते, कारण आतला दाब तेलाला बाहेर ढकलतच नाही.

मी नोकरीचा बराच काळ रेल्वेच्या इटारसी डिझेल शेडला काढला. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेइंजिनाच्या अल्को डिझेलवर क्रँककेसमधली वाफ ओढायला वेगळी एक्झॉस्टर मोटर असायची. तिचं काम हेच, क्रँककेसमध्ये कायम थोडा व्हॅक्यूम ठेवायचा. ती बंद पडली की कव्हरांच्या कडेने तेल दिसायला लागायचं, आणि आत तेलाची वाफ कोंडणं तर धोक्याचंच. हजारो हॉर्सपॉवरच्या इंजिनाला जे लागतं तेच तुझ्या बुलेटलाही लागतं, फक्त लहान मापात.

पण पाईप हलवायच्या आधी मला सांग, तेल एवढं येतं कशाला? ब्रीदरमधून थोडा ओलावा येणारच. फिल्टरच्या डब्यात तेल साचतं याचा अर्थ कारण दुसरं असू शकतं. दोन गोष्टी बघून ये.

पहिली. गाडी काही दिवस उभी राहिली की चालू न करता डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघ, आकडा लिहून ठेव. मग सुरू कर, पाचेक मिनिटं चालव, बंद करून लगेच पुन्हा बघ. दोन्हींत फरक किती पडला ते सांग.

दुसरी. ब्रीदरचा पाईप डब्यापासून सोडव, इंजिन आयडलवर ठेव आणि दुधाच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा पाईपच्या तोंडासमोर धर. घट्ट धर, आत जाऊ देऊ नको. तुकडा नुसता बाहेर फडफडत असेल तर व्हॉल्व्हचं काम कुठेतरी चालू आहे. बाहेर फेकला, आत चिकटला, बाहेर फेकला, असं होत असेल तर व्हॉल्व्ह नाही किंवा मेला आहे. सोबत सायलेन्सरकडेही बघ. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आणि किक हलकी लागणं, दोन्ही असेल तर रिंगा गेल्या. मग ब्रीदरशी खेळून काही होणार नाही.


मानेवाडा_३५०

काका, एवढं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही केलं.

गाडी आठवडाभर उभी होती. थंड इंजिनावर डिपस्टिक खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला नुसतं लागलेलं. चालू केली तर पहिल्या मिनिटातच ब्रीदरमधून तेल फसफसत आलं, बाटली लावली होती म्हणून बरं. पाच मिनिटांनी बघतो तर डिपस्टिक वरच्या खुणेच्या वर!

पिशवीचा तुकडा आत-बाहेर दोन्ही होतो. निळा धूर नाही, किक चांगली घट्ट आहे.

आणखी एक. गॅरेजवाला दर वेळी थंड गाडीतच डिपस्टिक बघतो आणि "तेल कमी आहे" म्हणून टाकतो.


निवृत्त_डिझेल_फिटर

झालं, सापडलं. तुझं इंजिन तेल पीतही नाही आणि रिंगाही शाबूत आहेत. तेल टाकीतून उतरून क्रँककेसमध्ये बसून राहिलं आहे.

कास्ट आयर्न बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतीव भागात आहे, पण कप्पा वेगळा. टायमिंग बाजूला दोन पंप असतात. एक टाकीतून तेल बेअरिंगांना देतो, दुसरा खाली जमलेलं तेल ओढून परत टाकीत टाकतो. परत आणणारा पंप देणाऱ्यापेक्षा जास्त तेल उचलतो, म्हणून चालू इंजिनात खाली तेल साचत नाही. पण गाडी उभी असताना देणाऱ्या पंपाची डिस्क (तेलाची वाट उघडणारी-मिटणारी चकती) नीट बसली नसेल तर टाकीतलं तेल थेंबथेंब करत खाली उतरतं. आठवड्याने बघितलं तर टाकी रिकामी, क्रँककेस भरलेली. चालू केलं की फ्लायव्हील त्या तेलात बुडून फिरतं आणि ते ब्रीदरमधून उडवतं. त्यात वरून नवीन तेल टाकलं की चालू झाल्यावर टाकी खुणेच्या वर. जादाचं तेल कुठे जाणार? तुझ्या एअर फिल्टरमध्ये.

म्हणून सगळ्यात आधी तेल खुणेवर आण. गरम करून, पाच मिनिटं चालवून, बंद करून लगेच मोजायचं. थंड गाडीवर मोजून यापुढे एक थेंबही टाकू देऊ नको, गॅरेजवाल्यासमोर उभा राहून सांग. २०डब्ल्यू-५० तेल टाक. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. आपल्या उन्हात पातळ तेलाचं धुकं फार होतं.

नंतर पंप. टायमिंग कव्हर ज्याला नीट उघडता येतं अशाच माणसाकडे जा. पंपाची डिस्क काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून सपाट करायची, मग तिच्या बैठकीवर हलक्या हाताने जुळवायची. घासल्यावर डिस्कवर सगळीकडे सारखा करडा पट्टा दिसला पाहिजे. कुठे चकाकी राहिली तर ती जागा अजून खोल आहे, पुन्हा घासायचं. झालं की रॉकेलने किंवा पेट्रोलने पेस्टचा कण न् कण धुवायचा. ती पेस्ट बेअरिंगात गेली तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) गेला समज. स्प्रिंग थकलेली असेल तर बदल. सगळं बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना वर रॉकरकडे तेल नेणाऱ्या पाईपचा बँजो बोल्ट (तेल जाणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल कर, तेल पाझरलं की कस. तेल फिरतंय याची खात्री झाल्याशिवाय ॲक्सिलरेटर द्यायचा नाही.

एवढं करूनही महिनाभर उभ्या गाडीत थोडं तेल उतरेल. ते चालतं. ब्रीदर नीट असेल तर तेवढं झेपतं.

आता तुझा मूळ प्रश्न. वाफ एअर फिल्टरकडेच जाऊ दे. आतून निघणाऱ्या वाफेत न जळलेलं पेट्रोल असतं, पाणी असतं, तेलाचं धुकं असतं. ती इंजिनात परत जाऊन जळते हेच बरं, सिग्नलला शेजारी उभ्या माणसाच्या नाकात जाण्यापेक्षा. कोन फिल्टर लावला तरी वाफ बाहेरच जाते, शिवाय तेलाने भिजून तो लवकर चोंदतो. आणि ब्रीदर चोंदला की दाब सील फोडतो. ड्राइव्ह बाजूचं सील गेलं की इंजिनचं तेल प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिन आणि क्लचमधल्या चेनच्या डब्यात) भरतं आणि क्लच सरकायला लागतो. मग खर्च कितीला जाईल ते तूच बघ.

व्हॉल्व्ह कुठे, हे सगळ्यात महत्त्वाचं. क्रँककेसपासून वीतभराच्या आत. लोक तो सीटखाली नेऊन बसवतात आणि म्हणतात फरक पडला नाही. हिशेब बघ, १२ मिमी आतल्या व्यासाच्या मीटरभर पाईपात ११३ सीसी हवा मावते. पिस्टन एका वेळी ३४६ ढकलतो. व्हॉल्व्ह मीटरभर लांब असेल तर मधली ती हवा नुसती पुढे-मागे डोलत राहते आणि व्हॅक्यूम होतच नाही. व्हॉल्व्हच्या पुढे पाईप कितीही लांब ने, अडचण नाही.

व्हॉल्व्ह कोणता? ३००० फेऱ्यांना तो सेकंदात ५० वेळा उघडून मिटला पाहिजे. स्प्रिंग आणि गोळीचे जड व्हॉल्व्ह त्या वेगाला साथ देत नाहीत. कारच्या ब्रेक बूस्टरचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह बरेच जण लावतात, कमी फेऱ्यांच्या सिंगलला तो काम देतो, पण तो बनवलाय ठरावीक व्हॅक्यूम धरून ठेवायला. कारचा पीसीव्ही व्हॉल्व्ह तर घेऊच नको, तो इनटेकच्या व्हॅक्यूमप्रमाणे वाट कमी-जास्त करायला असतो, त्याचं काम वेगळं. माझं मत रीडला, म्हणजे एका टोकाला धरलेल्या पातळ पत्र्याच्या पाकळीला. अलीकडच्या बऱ्याच बाइकवर सायलेन्सरला ताजी हवा देणारा सेकंडरी एअर व्हॉल्व्ह असतो, त्यात रबर लावलेल्या बैठकीवर छोटी रीड असते. भंगारातल्या गाडीचा चांगला मिळाला तर हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून त्याला ॲल्युमिनियमचं छोटं घर करून घे. बसवायच्या आधी तोंडाने फुंकून बघ, क्रँककेसकडून बाहेर हवा सहज गेली पाहिजे, उलटी अजिबात नाही. उलटा बसला तर आत दाबच दाब कोंडेल. बाण कोरून ठेव, पुढच्या माणसाला कळेल.

पाईप तेल झेलणारा नायट्राइल रबरचा, आतला व्यास क्रँककेसच्या नळीपेक्षा कमी नको. इतवारीत लोहा ओळीत तपास कर. दुकानदार रेडिएटर किंवा हीटरचा होज देईल, तो घेऊ नको, ते रबर पाण्यासाठी असतं, तेलात फुगतं. प्लास्टिकच्या पाईपचं काय होतं ते तू बघितलंच आहेस. चपटा झालेला पाईप म्हणजे अर्धा बंद ब्रीदर. पाईप क्रँककेसपासून डब्यापर्यंत सतत चढता ठेव, मधे झोळ पडू देऊ नको. झोळात तेल-पाणी साचतं आणि तिथेच बुच बसतं.

डबा मोठा कर, अर्धा लिटरचा. वाफ बाजूने खालच्या भागात शिरू दे, वरून एअर फिल्टरकडे निघू दे. डब्यात शिरताच वेग कमी होतो आणि जड थेंब खाली पडतात. मधे स्टेनलेसची घासणी दोन जाळ्यांमध्ये आवळून बसव, बारीक थेंब तिला धरतात. जाळ्यांशिवाय ठेवू नको, तुटलेली तार एअर फिल्टरकडे किंवा व्हॉल्व्हकडे जायला नको. तळाला ड्रेनचा नट.


कामठी_रोड_पीयूसी

मी पीयूसी सेंटर चालवते, म्हणून एक गोष्ट सांगते. "पीयूसी पास झाली म्हणजे ब्रीदर उघडा चालतो" असं समजणारे रोज येतात. आम्ही सायलेन्सरमध्ये प्रोब घालून आयडलवर मोजतो. तुमच्यासारख्या २००४च्या फोर-स्ट्रोक दुचाकीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ४५०० पीपीएमची मर्यादा आहे. ब्रीदरमधून काय निघतं ते आमच्या मशीनला दिसतच नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करायला मनाई करतं, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. काकांनी सांगितलं तसं वाफ इंजिनातच परत गेली तर गाडी मूळ पद्धतीवरच राहते. मला तेच पटतं.

दादा, तुमच्या प्लगवर काजळी आहे म्हणता, तर फिल्टर बदलल्यावर सीओ मोजून घ्या. तेलाने भिजलेल्या फिल्टरमुळे हवा कमी मिळते आणि सीओ चढतो. कार्बोरेटरचा स्क्रू त्याआधी फिरवू नका.


मानेवाडा_३५०

काका, ताई, मनापासून धन्यवाद. पंपाची डिस्क घासून घेतली. मिस्त्रीने दाखवली तेव्हा तिच्यावर एका बाजूला चंद्रकोरीएवढा भाग चकाकत होता, तिथेच ती बसत नव्हती. रीड व्हॉल्व्ह क्रँककेसजवळ, नायट्राइल पाईप, नवीन डबा, सगळं काका म्हणाले तसं. रामटेकला जाऊन आलो. फिल्टर कोरडा. टॅपेट कव्हरखाली नेहमी ओल यायची, ती यावेळी दिसली नाही. पिशवीचा तुकडा आता फक्त बाहेर फडफडतो. सीओ २.१ आला.

आठवडाभर उभी ठेवून डिपस्टिक बघितली, थोडी खाली आहे, पण खुणेच्या आत.

एक विचारायचं होतं. डब्यात तळाशी पिवळसर फेस जमला आहे. ते तेल गाळून परत इंजिनात टाकलं तर चालेल का?


निवृत्त_डिझेल_फिटर

नाही टाकायचं. तो फेस म्हणजे तेलात मिसळलेलं पाणी, आणि त्यात पेट्रोलही उतरलेलं असतं. गाळून ते निघत नाही. धंतोलीपर्यंत जाऊन गाडी बंद केली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर पडण्याआधीच गार होऊन पाणी होते. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत हा फेस जास्त दिसेल. काढलीस की निदान बुटीबोरीपर्यंत तरी ने, इंजिन चांगलं तापू दे.

डब्यातलं काढलेलं तेल नालीत ओतू नको, नागनदीची आधीच काय अवस्था आहे ते आपण बघतोच. जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये साठव आणि वापरलेलं तेल घेणाऱ्याला दे. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघत जा. फेसाऐवजी नुसतं काळं तेल जास्त येऊ लागलं तर पुन्हा लिही, तेव्हा रिंगांकडे बघू. आणि सीओ २.१ आला आहे, तर कार्बोरेटरला आता हात लावू नको.